पाचूची दौत आणि दगडी नख

एका राज्यात एक राजा होता, त्याचं नाव मंगळसेन. त्या राजाच्या नगरात नदीच्या अंगाला एक घर होतं पटकरांचं. घरात माणसं तीन: हैबती पटकर, त्याची बायको बयजा, आणि त्यांची लेक येसू.

पटकर म्हणजे मंत्रपट लिहिणारे. हातभर कागद, त्याच्यावर मंत्र, आणि वरून लाल दोरा. पूर चढला तर पूर उतरवायचा पट, रानात वाट चुकली तर उजेडाचा पट. उघडून मोठ्यानं वाचला की काम व्हायचं, अक्षरं माश्यांसारखी उडून जायची आणि हातात कोरा कागद उरायचा. एक पट, एक काम. दुसऱ्यांदा वाचायला त्यावर काही उरतच नसे.

आता गंमत ऐका. पटकरांच्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं. येऊच द्यायचं नाही, अशी रीतच होती. वाचता येणारा माणूस लिहितालिहिता मनात वाचतो, आणि पट त्याच्या हातातच सुटतो. हैबतीचा चुलतआजा चोरून चार अक्षरं शिकला होता. पावसाचा पट लिहायला बसला, तर पाऊस घरातच पडला. चुलीतून तीन दिवस मासे निघत होते. तेव्हापासून पटकर अक्षरं काढायचे ती रांगोळीसारखी. आकार बघायचा, डोक्यात ठेवायचा, तसाच उतरवायचा. वाचायचं काम ज्यानं पट मागितला त्याचं.

दुसरी रीत बोरूची. नवा बोरू तासला की शाईत बुडवायचा आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघायची. रेघ केसासारखी आली तर बोरू चांगला. कागदावर पारखायचा नाही, कारण कागदाला लागलेलं पुसलं जात नाही. हे काम येसूचं. सात वर्षांची असल्यापासून तिचं नख कधी पांढरं दिसलं नव्हतं.

एके दिवशी राजा मंगळसेन हैबतीवर प्रसन्न झाला. त्यानं खजिन्यातून पाचूची एक दौत काढली, शाईनं भरलेली, आणि हैबतीला बक्षीस दिली. ही दौत राजाच्या आज्यानं एका मांत्रिकाची गुहा लुटून आणली होती. तीन पिढ्या ती बूच लावून फडताळात पडून होती. राजाला वाटलं, लिहिणाऱ्याला दौत द्यावी, याहून शोभेचं काय.

त्या दिवशी येसू आईशी भांडून नदीवर जाऊन बसली होती. भांडण कशावरून, तर भाकरी कुणी करपवली यावरून. घरी बोरू पारखायला कुणी नव्हतं. हैबतीनं स्वतःच बोरू तासला, पाचूच्या दौतीत बुडवला आणि आपल्या नखावर रेघ ओढली.

नखाचा दगड झाला.

संध्याकाळी येसू परतली तेव्हा बापाचा हात मनगटापर्यंत दगडी झाला होता. हैबती ओट्यावर बसून शांतपणे त्याच्याकडे बघत होता.

येसू म्हणाली, "बाबा, हे काम माझं होतं."

"होतं. आता रडून ते तुझं होणार आहे का? बस इथं, मला बोलता येतंय तोवर ऐक. ज्या शाईनं बांधलं, तिनंच सोडवायचं. सुटकेचा पट लिहावा लागेल, याच दौतीतून. पण ही शाई लुटीची आहे. तिला जे लागेल त्याचा ती दगड करते, मनापासून दिलेलं तेवढं सोडते. कागद हवा तो कुणी मनापासून दिलेला. लेखणी हवी ती ज्याची त्यानं हातानं दिलेली. आणि अक्षरं हवीत ती दौतीच्या धन्यानं दिलेली."

"किती दिवस आहेत?"

"आज मनगट. काळजाला पोचायला बारा दिवस लागतील. तेरावा तुझ्या आईला मोजायला लावू नकोस."

येसूनं पदर खोचला.

पहिलं काम कागदाचं. कागद चिंध्यांचा होतो. चिंध्या कुटायच्या, लगदा करायचा, जाळीवर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा आणि गोट्यानं घोटायचा. पण चिंध्या कुणाच्या? येसू आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, तुझी अष्टपुत्री दे."

अष्टपुत्री म्हणजे बयजाचं लग्नातलं हळदीनं रंगवलेलं वस्त्र. पेटीच्या तळाशी ठेवलेलं होतं. बयजा म्हणाली, "ती मी सवाष्णपणी सरणावर नेसायला ठेवलीय."

"मग बाबांच्या आधी जायचा बेत आहे की नंतर?"

बयजानं तिच्याकडे बघितलं. मग उठली, पेटी उघडली, वस्त्र काढलं आणि स्वतःच्याच हातानं टराटरा फाडलं. "आठ पोरगे व्हावेत म्हणून नेसवली मला," ती म्हणाली, "आणि झालीस तू एकटी."

"एकटी आहे म्हणून आठांचं काम करते."

"भाकरी तेवढी करपवतेस."

दोघींनी मिळून लगदा कुटला. चौथ्या दिवशी भिंतीवरून कागद निघाला. हळदीसारखा पिवळा, घोटून घोटून असा गुळगुळीत की मुंगी चढली तर घसरून पडावी. हैबतीचं कोपर तोवर दगडी झालं होतं.

दुसरं काम लेखणीचं. बोरू तोडावा लागतो, पीस मात्र मागून घेता येतं. येसू रानात गेली. तिथं एका उंच झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी राहत होती. धनेशाची रीत अशी की अंडी घालायच्या दिवसांत मादी ढोलीत शिरते आणि तोंड चिखलानं लिंपून घेते. फटीतून चोच तेवढी बाहेर. नर दाणापाणी आणून चोचीत घालतो. आत ती आपली पिसं झाडते आणि पिल्लांखाली अंथरते.

येसू झाडावर चढली. "धनेशीणबाई, एक पीस द्याल?"

फटीतून आवाज आला, "देणाऱ्याच्या पोटात अन्न असावं लागतं. माझा धनी दोन दिवस आला नाही. उंबरं आण."

येसूनं ओटीभर उंबरं आणली. धनेशीण म्हणाली, "ही पिल्लांना झाली. आता मला आण." येसू पुन्हा उतरली, पुन्हा चढली. गुडघे सोलले. धनेशीण खाऊन म्हणाली, "भिंत मातीची आहे. मुठीनं फुटेल. आत पिसांचा ढीग आहे. मग तू फळं का वाहतेस?"

"भिंत तुमची आहे. ती आतून फुटायची तेव्हा फुटेल."

"तर मग तिसऱ्यांदा जा. फळं नको, धनी आण."

येसू तिसऱ्यांदा उतरली. तीन दिवस रान धुंडाळलं, तेव्हा एका उंबराच्या फांदीवर नर सापडला. पारध्यानं लावलेल्या चिकाला त्याचे पाय चिकटले होते. येसूनं तेल चोळून एकेक बोट सोडवलं. नर उडाला तो थेट ढोलीपाशी. मग फटीतून एक लांब काळंपांढरं पीस बाहेर आलं.

"हातानं देता येत नाही," धनेशीण म्हणाली, "चोचीनं देते. चालेल?"

"चालेल."

आठ दिवस सरले होते. हैबतीचा खांदा गेला होता.

तिसरं काम अक्षरांचं. वाट दाखवायला धनेश नर पुढं उडाला, येसू खालून चालली. काळ्या डोंगराच्या माथ्यावर काजळनाथ बसला होता, ज्याची गुहा लुटली होती तोच मांत्रिक. त्याच्या दारातला वड फुलायच्या ऐवजी दिवे लावायचा. तिथं राख पसरून काजळनाथ बोटानं रेघा ओढत होता.

"कोण?" तो म्हणाला.

"येसू पटकर. तुमची दौत परत करीन, पण आधी अक्षरं द्या."

"राजाच्या आज्यानं माझं बारा गाड्या सोनं नेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. दौत नेली, तिच्यावर मी शाप घातला. आणि शाप लागला तो एका पटकराला?"

"राजे लोक शाईत बोट घालत नाहीत, महाराज. आम्ही घालतो."

काजळनाथानं पुढ्यातली राख हातानं सारखी केली. मग त्यानं राखेवर तीन ओळी काढल्या. "एकदाच बघ. वारा आला की जातील. तुला वाचता येतं?"

"नाही."

"मग मी इथं तुझं मरण लिहिलं असेल तरी तू तेच उतरवशील."

"उतरवीन. पण आमच्या घरची रीत आहे, ज्याचा पट त्यानं वाचायचा. दौत तुमची, अक्षरं तुमची. तुम्हीच येऊन मोठ्यानं वाचायचं. जे लिहिलं असेल ते वाचणाऱ्याच्या तोंडून निघेल."

काजळनाथानं राखेकडे बघितलं. मग दुसरी ओळ पुसली आणि नव्यानं काढली.

येसूनं डोळे रोखून बघितलं. पहिलं अक्षर आमटीची पळी. दुसरं गाईचं खूर. तिसरं फुटक्या बांगडीचा तुकडा, त्याच्यावर एक तीळ. पुढं उखळ, पुढं वासराचं शेपूट, पुढं आई रागावली की कमरेवर हात ठेवते तसं काहीतरी. वारा आला, राख उडाली. येसूच्या डोक्यात सगळं घर मांडलेलं होतं, पळीपासून आईपर्यंत.

बाराव्या दिवशी सकाळी पटकरांच्या ओट्यावर हैबतीभोवती चौघं जमली. आपल्या दौतीनं काय झालं ते ऐकून राजा मंगळसेन अनवाणी आला. काजळनाथ भिंतीला टेकून उभा राहिला. बयजानं कागद पाटावर अंथरला. दगड हैबतीच्या खांद्यावरून गळ्यापर्यंत चढला होता, काळजाला बोटभर अंतर उरलं होतं. त्याचे डोळे तेवढे हलत होते.

येसूनं पीस तासलं, पाचूच्या दौतीत बुडवलं, आणि तिचा हात सवयीनं डाव्या अंगठ्याकडं गेला. नखापासून तिळाएवढ्या अंतरावर थांबला.

काजळनाथ म्हणाला, "पारखलंस तर दगड होशील. न पारखता लिहिलंस आणि डाग पडला, तर कागद एकच आहे. माझी दौत सोपी नाही."

राजा म्हणाला, "माझ्या नखावर ओढ. चूक माझ्या घराण्याची आहे."

"तुमचं नख मऊ आहे, महाराज," येसू म्हणाली. "त्याला काय कळणार?"

ती उठली, बापाजवळ गेली, त्याच्या दगडी डाव्या हाताशी वाकली. जो दगड झालाच आहे, त्याचा आणखी काय दगड होणार? तिनं बापाच्या अंगठ्यावर रेघ ओढली. रेघ फुटून दोन झाली. पीस पुन्हा तासलं. काळी ढलपी पाटावर पडली, तिथं पाटाचा दगड झाला. दुसरी रेघ खरखरीत आली. पुन्हा तासलं. तिसरी रेघ केसासारखी आली, अंगठ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. हैबतीचे डोळे हसले.

मग येसू बसली आणि लिहीत गेली. पळी, खूर, बांगडी, तीळ. उखळ, शेपूट, रागावलेली आई. हात थांबला नाही, आणि पिवळा कागद डागाळला नाही. तीन ओळी झाल्या. तिनं पट गुंडाळला, लाल दोरा बांधला आणि काजळनाथाच्या हातात दिला.

काजळनाथानं दोरा सोडला आणि मोठ्यानं वाचलं. अक्षरं कागदावरून उठली, ओटाभर घोंघावली आणि उन्हात गेली. हैबतीचा गळा सुटला, खांदा सुटला, कोपर सुटलं, बोटं सुटली. अंगठ्याचं नख तेवढं दगडी राहिलं.

"एवढं राहू दे," हैबती म्हणाला. गळा सुटल्यावरचं त्याचं हे पहिलं बोलणं. "कामाचं आहे."

येसूनं दौत दोन्ही हातांनी काजळनाथापुढं धरली. राजा मान खाली घालून म्हणाला, "दुसऱ्याची वस्तू दान देऊन मी दाता झालो होतो." काजळनाथानं दौत घेतली, उन्हात धरली, आणि पटकरांच्या मातीच्या दौतीत तिच्यातला एक थेंब सोडला. "लुटीचा नव्हे," तो म्हणाला, "दिलेला." आणि डोंगराकडं चालू लागला.

तो थेंब आजवर आटला नाही. कितीही पट लिहा, मातीची दौत सकाळी काठोकाठ. त्याच दिवशी हैबतीनं लिहायचा पाट लेकीपुढं सरकवला. पटकरांच्या पाटावर बाई बसली ती पहिली येसू. बाप जवळ बसायचा, अंगठा पुढं करून, आणि ती त्याच्यावर लेखणी पारखायची. राजाला पट हवा असला की तो स्वतः चालत येई आणि ओट्याखाली चपला काढी. बयजाची फाटलेली अष्टपुत्री कोरा पिवळा कागद होऊन पेटीत परत गेली. पुढच्या वर्षी धनेशाच्या जोडीनं घरामागच्या झाडात ढोली लिंपली.

भाकरी मात्र येसू अजून करपवत असे, आणि हैबती ती दोन्ही हातांनी मोडून खात असे.

जशी त्यांची दौत भरली, तशी ऐकणाऱ्यांची घरं भरोत.