थोरल्याचे डोळे

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. तेव्हा डोंगर होते, नदी होती, आणि माणसांना भाऊ होते. एवढं पुरे.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक आई आणि तिचे दोन मुलगे राहत. दोघे भाऊ पोटासाठी मेंढरं राखायचे आणि हौसेसाठी तिरंदाजी करायचे.

म्हणजे बाण थोरला मारायचा. धाकटा तो बाण बघायचा.

थोरल्याने बाण सोडला की तो जागचा हलत नसे. धनुष्याचा हात तसाच समोर, मान तशीच ताठ. तसाच उभा राहून तो विचारायचा, "डोळ्या, कुठे लागला?"

"दोन बोटं वर गेला, दादा."

"आणि हा?"

"हा डावीकडे. पण दाण्याएवढाच."

मग धाकटा पळत जाऊन बाण उपटून आणायचा. गावातले लोक हसून त्याला 'थोरल्याचे डोळे' म्हणायचे. त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. दादाचा बाण सुटला की त्याची नजरही सुटायची, आणि बाणाच्या बरोबरीने जाऊन पोचायची.

मग एका वर्षी थोरल्याला ताप आला. सकाळी म्हणाला, अंग दुखतंय. आठवडा संपायच्या आत तो गेला.

गोष्टीत हे एका ओळीत होतं. घरात तसं होत नाही. घरात आई रोज त्याच्या वाटणीची भाकरी थापायची आणि मग तव्याकडे बघत बसायची. धाकटा ती भाकरी भूक नसतानाही खाऊन टाकायचा, नुसत्या रागाने. भेटायला आलेले लोक म्हणायचे, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, पोरा."

धाकटा म्हणायचा, "मग काका, तुम्ही शंभर वर्षं जगाल."

हळूहळू लोक यायचे बंद झाले.

आता त्या राज्यात एक रीत होती. ज्या घरचा तिरंदाज जाई, त्या घरात त्याचं धनुष्य वर्षभरच ठेवता येई. तेवढ्या काळात घरातल्या कुणीतरी त्याच धनुष्याने, राजाच्या खेळात, लक्ष्याच्या काळजात एक तरी बाण मारायचा. मारला तर धनुष्य घराचं. नाही मारला तर त्याची दोरी काढायची आणि गावाच्या वेशीवरच्या वडाला ते टांगायचं. पुढे ऊन आणि पाऊस मिळून त्याचं काय करायचं ते करत. जुनी माणसं म्हणत, घरात नुसतं टांगून ठेवलेलं धनुष्य घरच्यांना जगू देत नाही.

वडाला तशी बरीच धनुष्यं लटकत होती. काहींना वाळवी लागली होती. एकात तर साळुंकीने घरटं केलं होतं.

धाकट्याने दादाचं धनुष्य खुंटीवरून काढलं आणि आईला म्हणाला, "हे मी वडाला जाऊ देणार नाही."

"अरे, तू कधी बाण मारला आहेस का?"

"बघितले तर आहेत ना! सगळे मीच बघितलेत."

राजाचे खेळ वर्षातून दोनच. हिवाळ्यात मैदानाचा, आणि पळस फुलला की रानाचा. म्हणजे धाकट्याला दोनच संधी होत्या.

तो रोज मेंढरं कोंडून माळावर जाऊ लागला. बोटं फुटेपर्यंत बाण मारू लागला. ताकद होती, नजर तर होतीच. तरी बाण गवताच्या चकतीखाली मातीत घुसायचे. असं का होतंय ते त्याला कळेना. तो धनुष्य आपटायला निघायचा, मग ते कुणाचं आहे हे आठवून छातीशी धरायचा.

एके दिवशी आई माळावर आली. म्हणाली, "मी उभी राहू का रे बाण बघायला? जवळचं मला सुईचं नेढंही दिसत नाही, पण लांबचं चांगलं दिसतं."

धाकटा ओरडला, "नको! ते काम माझं आहे!"

आई पदर सावरून परत गेली. धाकट्याने आणखी एक बाण मारला. तोही मातीतच गेला.

हिवाळ्यात मैदानाचा खेळ झाला. चकत्या एका ओळीत मांडलेल्या. प्रत्येक चकतीच्या मधोमध कुंकवाच्या टिळ्यासारखं लाल काळीज. तिरंदाज ओळीने उभे राहिले, शिंग वाजलं, आणि सगळ्यांनी एकदम बाण सोडले.

धाकट्याचे बाण एकेक करून गवतात गेले. शेजारी एक जाडजूड गवंडी उभा होता. तोही हौशीच, पण त्याची जीभ त्याच्या धनुष्यापेक्षा जास्त चालायची. तो म्हणाला, "काय रे मेंढक्या, बाण मारतोस की मेंढरांना गवत कापतोस?"

लोक हसले. मग कुणीतरी गवंड्याच्या कानात सांगितलं की हे धनुष्य कुणाचं आहे. गवंडी एकदम गप्प झाला. धाकट्याला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

राहिला एकच खेळ.

पळस फुलला. रानाचा खेळ म्हणजे चढउतारांचा खेळ. तिथे चकत्या नसतात. झुडपांमागे, ओढ्याकाठी, कड्याखाली गवताची जनावरं ठेवलेली असतात. कोण किती अंतरावर आहे ते सांगत नाहीत. ज्याचं त्याने ताडायचं. प्रत्येक जनावराच्या कुशीवर गेरूने काळीज काढलेलं असतं, आणि त्याच्यावर एकाला एकच बाण.

तिघातिघांची टोळी करायची, अशी तिथली पद्धत. एकाने बाण मारायचा, उरलेल्या दोघांनी तो कुठे जातो ते बघायचं. रानात बाण हरवतो म्हणून बघणारे दोघे, मारणाऱ्याने आपला बाण आपण बघायचा नाही. आणि बाण कुठे लागला याची साक्ष सोबत्यांची. राजाचा माणूसही तीच मानतो.

धाकट्याच्या टोळीत तोच गवंडी आला. तिसरी एक म्हातारी होती. पाठीत थोडी वाकलेली, भात्याला लाल चिंधी बांधलेली. ती धनुष्य उचलायची तेव्हा मात्र तिची पाठ सरळ व्हायची.

पहिलं जनावर हरीण. धाकट्याचा बाण हरणाच्या पोटाखालून गेला.

दुसरं जनावर रानडुक्कर. बाण आधीच्यापेक्षा बरा गेला. डुकराच्या कानात जाऊन बसला.

"वा!" गवंडी म्हणाला. "कान टोचलास त्याचा. आता एक डूल आण आणि बारसं उरकून टाक."

धाकट्याला हसू येणार होतं, पण त्याने ते दाबलं. म्हातारी त्याच्याकडे बघत म्हणाली, "का रे बाबा, माझं काम का करतोस?"

"कुठलं काम?"

"बघायचं. बाण सुटायच्या आत तू हात खाली घेऊन बघायला निघतोस. बघायला आम्ही दोघं आहोत की."

"सवय आहे," धाकटा तुटकपणे म्हणाला आणि पुढे चालू लागला.

पुढचा लांडगा, पुढचा ससा, पुढचं साळिंदर. कुठेच काळजात बाण लागला नाही. ऊन चढलं. शेवटून दुसरं जनावर एका उतारावर होतं, गवताचं अस्वल. धाकट्याने बाण मारला आणि तो अस्वलाच्या पायात गेला.

गवंडी त्याच्याजवळ आला. या वेळी त्याचा आवाज हळू होता. "हे बघ, साक्ष आमचीच. काळजात लागला म्हणून सांगू का? कोण बघतंय इथे?"

धाकटा एक शब्द बोलला असता तर धनुष्य त्याचं झालं असतं. त्याने अस्वलाच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "पायाला लागलाय. दादाला मी कधी खोटं सांगितलं नाही. त्याचा बाण चुकला तरी चुकला म्हणूनच सांगायचो."

"मग मरू दे," गवंडी म्हणाला आणि डोळे पुसायला दुसरीकडे वळला.

म्हातारी मात्र तिथेच एका दगडावर बसली. "कुठल्या दादाला?"

तेव्हा धाकट्याचा बांध फुटला. "माझ्या! हे धनुष्य त्याचं आहे. त्याचे सगळे बाण मी बघायचो. लांब गेलेला, झाडीत शिरलेला, सगळे! एकही हरवू दिला नाही. आणि तो स्वतःच गेला, मला दिसलं पण नाही कुठे गेला!"

मग म्हातारीने विचारलं, "तू बघायचास. आणि तो? बाण सोडल्यावर तो काय करायचा?"

"तो? तो काहीच नाही करायचा. उभा राहायचा. हात तसाच ठेवून मला विचारायचा, कुठे लागला म्हणून."

"स्वतः नाही बघायचा?"

"कधीच नाही."

"का रे नाही?"

धाकटा विचारात पडला. दादा का बघत नसे, हे त्याने कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. उत्तर दिलं ते गवंड्याने. पाठमोराच होता तो.

"बघायला हा होता म्हणून. म्हणून त्याचा हात हलत नव्हता."

आजवर धाकट्याला वाटायचं, नेम दादाचा आणि धावपळ आपली. दादाच्या त्या स्थिर हातात आपलाही वाटा होता, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो खूप रडला. दोघांनी त्याला रडू दिलं. मागची टोळी येऊन उभी राहिली, तेव्हा गवंडी त्यांच्यावर खेकसला, "थांबा की जरा! इथे माणसाचं काम चाललंय."

शेवटचं जनावर ओढ्यापलीकडे होतं. गवताचं सांबर, अर्धं सावलीत, अर्धं उन्हात. धाकट्याने शेवटचा बाण दोरीला लावला.

म्हातारी त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. "तू सोड. कुठे गेला ते मी सांगते. आणि मीही खोटं सांगत नाही बरं."

त्याने दोरी गालापर्यंत ओढली आणि बाण सोडला.

त्याचं सगळं अंग बाणामागे धावायला निघालं. डोळे, मान, खांदा, सगळं. पण त्याने हात खाली घेतला नाही. समोर त्याला फक्त आपली मूठ दिसत होती, आणि मुठीत दादाच्या हाताने गुळगुळीत झालेलं लाकूड. तो तसाच उभा राहिला. आणि मग त्याच्या तोंडून ते शब्द आले, जे तो आयुष्यभर ऐकत आला होता आणि कधी बोलला नव्हता.

"कुठे लागला?"

म्हातारी म्हणाली, "काळजात."

तो तरीही हलला नाही. शेवटी गवंडी म्हणाला, "आता हात खाली घे रे बाबा. लागूनही बराच वेळ झाला." आणि बाण आणायला ओढ्यात उतरला तो शेवाळावरून घसरून सरळ पाण्यातच बसला. तेव्हा धाकटा हसला. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच हसला.

खेळ जिंकणाऱ्याचा मानाचा शेला त्या दिवशी म्हातारीला मिळाला. राजाच्या माणसाने दोघा सोबत्यांची साक्ष घेतली आणि धाकट्याला म्हणाला, "धनुष्य घरी ने."

घरी आल्यावर त्याने धनुष्य खुंटीला लावलं. आईने भाकऱ्या थापल्या. आजही एक जास्तच झाली. धाकट्याने ती रागाने खाल्ली नाही. अर्धी तोडून आईला दिली, अर्धी आपण घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने धनुष्य पुन्हा खाली काढलं. दारात थांबून म्हणाला, "आई, लांबचं दिसतं म्हणाली होतीस ना?"

"दिसतं की."

"मग चल. मी बाण मारतो, तू बघ."

दोघं माळावर गेली. धाकट्याने बाण सोडला आणि हात तसाच धरून उभा राहिला. मागून आईचा आवाज आला, "थोडा खाली गेला रे. पण सरळ जातोय."

त्यानंतर गावात कुणाच्या घरचा तिरंदाज गेला की धाकटा तिथे जायचा. देवाचं नाव काढायचा नाही. नुसता म्हणायचा, "त्याचं धनुष्य घे. चल माळावर. मी बघायला उभा राहतो." आणि हळूहळू त्या वडावर नवी धनुष्यं टांगली जाईनाशी झाली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच लक्षात ठेवा: सुटलेल्या बाणामागे धावू नये, आणि ज्याचा बाण सुटला आहे त्याला एकटं सोडू नये.