गिरजेची गव्हाण

“मग हिलाच तुझा कागद का लागू पडंना?” आप्पांनी विचारलं.

नीलांबिकेनं मोजपट्टी पुन्हा एकदा गाईच्या छातीभोवती फिरवली.

गिरजेच्या छातीचा घेर तीन आठवड्यांत चार बोटांनी उतरला होता. गाय आठ महिन्यांची गाभण, आणि पाठीचे मणके दुरून मोजता यावेत असे वर आलेले.

हॉलंडमध्ये चार वर्षं जनावरांच्या आहाराचं गणित शिकून ती उदगीरकडच्या या मठात आली, तेव्हा भांडणाच्या तयारीनंच आली होती. तिला वाटलं होतं, मठाचे म्हातारे आप्पा आकड्यांना हसतील, जुन्या चालीरीती सांगतील आणि आपण त्यांचा एकेक मुद्दा खोडून काढू. घडलं भलतंच. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चार शंका विचारल्या, त्यातली एक तिलाही जड गेली. मग म्हणाले, “कर.” आणि मठाच्या तेवीस देवणी जातीच्या गाई तिच्या हवाली करून ते तीन आठवडे दुसऱ्या गावच्या मठात निघून गेले.

अडलं होतं ते एका नेमापाशी. जो गव्हाण भरेल, त्यानेच सकाळी उरलेलं उष्टं काढून ती स्वतःच्या हातानं रिकामी करायची, असा मठाचा जुना शिरस्ता.

“मला नम्रतेचे धडे नकोत, आप्पा. मी काम करायला आलेय,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आप्पा हसले होते. ते काम मग गोठ्यातल्या संगप्पाकडे गेलं.

काल संध्याकाळी आप्पा परतले आणि आज उजाडताच गिरजेपुढे येऊन उभे राहिले.

“आकडे चुकलेले नाहीत. बघा.” नीलांबिकेनं तक्ता जमिनीवर पसरला. “तिच्या अंगाला किती लागतं, पोटातल्या वासराला किती लागतं, ते इकडे. कडबा, पेंड, लसूणघास मिळून किती मिळतं, ते तिकडे. शंभर लागतंय, एकशे चार मिळतंय.”

“म्हणजे पोट भरलंय.”

“भरलंच आहे.”

“मग गिरजेला सांग की तसं. तिला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.”

पाटी भरता भरता संगप्पा खुदकन हसला. नीलांबिकेचे कान तापले.

“जंतांचं औषध झालं. डॉक्टर येऊन रक्त तपासून गेले, काही निघालं नाही. बाकीच्या बावीस जणींचं अंग भरलं, दूध वाढलं. हे सगळं खोटं?”

“खोटं कोण म्हणतंय? बावीस जणी तुझ्या बाजूनं उभ्या आहेत, माय. मी तेविसावीचं विचारतोय.”

“उद्या हा तक्ता छापायला द्यायचाय, आप्पा. चाळीस गावांत जाणार आहे. चाळीस गावांतली जनावरं नीट खातील. एका गाईसाठी...”



गिरजेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

“महिन्याभरात व्यायची आहे ती,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “अशीच वाळत गेली तर वेताला बसेल ती उठायची नाही. वासरूही जाईल.”



संगप्पानं गिरजेच्या गव्हाणीतलं उष्टं पाटीत भरलं आणि पाटी डोक्यावर घेऊन तो उकिरड्याकडे निघाला.

“थांब रे.”

आप्पांनी पाटी उतरवून घेतली. दोन पावलं चालत आले, आणि सगळीच्या सगळी नीलांबिकेच्या तक्त्यावर उपडी केली.

“याचा रकाना कुठला?”

कागद दिसेनासा झाला. कडब्याची जाड बुडखी, न चावलेली. त्यांच्यात मुठीएवढे ओलसर, चपटे गोळे. एक नव्हे, दोन नव्हे, ढीगभर.

आप्पांनी त्यातला एक उचलून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो बोटांनी उकलला. कडबाच होता. चावता येईना म्हणून चघळलेला, चोखलेला, शेवटी टाकून दिलेला चोथा.

आप्पांनी गिरजेचा जबडा उघडला, जीभ एका बाजूला धरली. डाव्या दाढा हिरडीपर्यंत झिजल्या होत्या.

चौदा वर्षांची गाय. पूर्वी तिला भिजवलेली सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीतला मऊ भुसा, मिळायची. गुळीत फारसा कस नाही, म्हणून नीलांबिकेनं ती काढून तेवढ्या वजनाचा कडबा लावला होता. आकड्यांत तो कितीतरी सरस होता.

“संगप्पा, हे... रोज निघायचं?”

“रोज पाटीभर, ताई. मला वाटलं, तुमच्या तक्त्यात धरलेलंच असंल.”

तिला हात धुवावासा वाटला. पाणी जवळ नव्हतं. ती गोळा तसाच धरून उभी राहिली.

“आप्पा, तो नेम यासाठीच होता का? खरं किती खाल्लं, ते कळावं म्हणून?”

“मला काय ठाऊक? माझ्या गुरूंनी गव्हाण रिकामी कर म्हटलं. मी केली.”

त्या दिवशी गिरजेच्या कडब्याची बारीक कुट्टी झाली. गुळी भिजली, पेंड वाढली. संध्याकाळी तिनं गव्हाणीचा तळ जिभेनं घासून काढला. नीलांबिका तो आवाज ऐकत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा गोठ्यात आले, तर नीलांबिका त्यांच्या आधीच आलेली. बाह्या वर दुमडलेल्या, आडव्या बांबूला ताणकाटा टांगलेला.

“कागद आज छापायला जाणार ना?”

“नाही. त्यात एक रकाना कमी होता. ‘उरलेलं’ म्हणून. आधी तो इथल्या गव्हाणींतून भरून काढते, मगच तक्ता चाळीस गावांत जाईल. आणि मठाचा नेम सगळ्यांत वर छापून जाईल.” तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. “गणित आता बरोबर येईल, आप्पा.”

“येईल की,” आप्पा म्हणाले. “गिरजेची गव्हाण झाली?”

“झाली. सगळं मिळून मूठभर निघालं.”

ती हसली आणि पाण्याच्या बादलीकडे वळली.

“बावीस राहिल्यात, माय. हात इतक्यात धुऊ नकोस.”