धुक्यातल्या टाळ्या

कुणाथाच गावाच्या वर, देवदारांची राई जिथे संपते, तिथे एक मोठं हिरवं पठार आहे. तीन बाजूंना बर्फाचे डोंगर आणि चौथ्या बाजूला सरळ तुटलेला कडा. आता तिथे बाग केली आहे. दगडी पायवाटा आहेत, बाकं आहेत, उन्हाळ्यात पाऊल ठेवायला जागा राहू नये इतकी पिवळी-जांभळी रानफुलं असतात. दुपार कलली की दरीतून धुकं चढतं आणि बघता बघता सगळी बाग पुसून टाकतं. मग त्या पांढऱ्या पोकळीतून टाळ्या ऐकू येऊ लागतात. एक इथून, एक तिथून.

साताऱ्याहून आलेल्या एका बाईंनी चक्रावून विचारलं, "कुठे भजन चाललंय का हो?"

बागेच्या दाराशी शेकत बसलेले तुळसू ताया हसले. ताया म्हणजे थोरले काका. ते साऱ्या गावाचेच ताया. "भजन नाही, बेटी. लोक एकमेकांना सांगतायत, आम्ही इथे आहोत म्हणून. बसा. धुकं उठेपर्यंत बिंद्रोची गोष्ट ऐका."

असं सांगतात, की फार जुन्या काळी या पठारावरून दोन गावांत हाडवैर होतं. वरचं कुणाथाच आणि खालचं सुनाल. गवत कुणाचं, यावरून डोकी फुटत. शेवटी जाणत्यांनी सोयरीक जुळवली आणि सुनालची बिंद्रो कुणाथाचच्या लाहणू मेंढपाळाला दिली. लग्न झालं, वैर मात्र होतं तिथेच राहिलं. बिंद्रोला सासरी कुणी नावाने हाक मारीना. सगळे 'खालची' म्हणत. खालची, पाणी आण. खालची, दार लाव. सासू तर तेवढंही म्हणत नसे. ती तिच्याशी बोलतच नसे. लाहणू मनाचा चांगला होता, पण तो महिनोन्‌महिने मेंढरांमागे डोंगरात. एकटी लोकर पिंजत बसली की बिंद्रो हळूच आपलंच नाव पुटपुटायची म्हणे. आपलं आपल्याला तरी लक्षात राहावं, म्हणून.

या पठारावर जोगण्या राहतात, बर्फाच्या देवता. धुक्यात माणसाचा आवाज त्यांना खपत नाही, जो बोलेल त्याचा आवाज त्या काढून नेतात, असा तेव्हा समज होता. म्हणून धुकं उतरलं की माणूस असेल तिथे मुकाट बसून राही.

एका वर्षी कळप डोंगरातून परतत होते. दोन्ही गावांचे मेंढपाळ एकाच वेळी पठारावर आले, आणि धुकं उतरलं. त्याच्या मागोमाग बर्फ पडू लागला. बसून राहावं तर गोठून मरण, चालावं तर वाट दिसेना. गावातल्या बायका देवदारांच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या तोंडून शब्द नाही. आतून मेंढ्यांच्या घंटा तेवढ्या किणकिणत होत्या. बिंद्रो कान देऊन ऐकत होती. घंटा कड्याकडे सरकत होत्या.

ती पुढे झाली. सासूने तिचा हात धरला. तोंड उघडलं ते इतक्या दिवसांनी, आणि तेही एवढ्यासाठीच. "बोलू नकोस. जोगण्या ऐकतील."

"ऐकू देत, आई," बिंद्रो म्हणाली. "पण माणसांना आधी ऐकू जाऊ दे."

तिने बर्फात गुडघे टेकले. "आयांनो, आवाज तुमचाच. सगळे परत येईपर्यंत तेवढा माझ्यापाशी राहू द्या. मग खुशाल न्या."

आणि तिने हाक मारली. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं. तेच तिने सर्वांत आधी घेतलं. मग दिरांची, शेजाऱ्यांची. मग सुनालची, आपल्या भावांची. मागून कुणी तरी खेकसलं, "वैऱ्यांना कशाला बोलावतेस?" ती थांबली नाही. नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. घसा सोलला, ओठ फुटले, तरी हाक तुटू दिली नाही. आत धुक्यात माणसं त्या एका आवाजाकडे वळली, आंधळ्याने भिंत धरून चालावं तशी.

उजेड मावळता मावळता माणसं बाहेर आली. एकाने दुसऱ्याची घोंगडी धरलेली. लाहणूच्या हातात बिंद्रोच्या भावाच्या घोंगडीचं टोक होतं. आपण कुणाची घोंगडी धरून आलो, हे त्यांना देवदारांखाली आल्यावर कळलं. पण कळल्यावरही कुणी हातातली घोंगडी सोडली नाही.

सासू पुढे आली. "बिंद्रो," ती म्हणाली.

त्या घरातून तिच्या नावाची ही पहिली हाक. ओ द्यायला बिंद्रोने तोंड उघडलं. नुसती वाफ बाहेर आली आणि धुक्यात मिसळली.

जोगण्यांनी तिच्या शब्दाप्रमाणे केलं होतं. बिंद्रो पुन्हा कधी बोलली नाही. पण गाव तिच्याशी बोलायला लागलं ते थांबेचना. वाटेने जाणारा प्रत्येक जण तिचं नाव घेऊनच पुढे जाई. पठाराची वाटणी कुणी पुन्हा मागितली नाही.

पुढे म्हातारपणी ती कोकराच्या शोधात एकदा धुक्यात सापडली. सगळं गाव "बिंद्रोऽ, बिंद्रोऽ" करत कडेला उभं. पण मुकी बाई ओ देणार कशी? सासू तेव्हा नव्हती, लाहणू रडकुंडीला आला होता. आणि आतून टाळी वाजली. थांबून पुन्हा एक. टाळीच्या मागाने जाऊन त्यांनी तिला आणलं. तेव्हापासून धुक्यात हाकेला टाळीनेच उत्तर देतात.

साताऱ्याच्या बाईंनी विचारलं, "मग ती बोललीच नाही, शेवटपर्यंत?"

"नाही, बेटी." तायांनी शेकोटीत लाकूड सारलं. "पण आजही कुणाथाचमध्ये नवी नवरी आली की उंबरठा ओलांडण्याआधी तिला इथे वर आणतात. सुनालची माणसंही येतात. दोन्ही गावं मिळून, छाती फुटेस्तोवर, नवरीला तिच्या नावाने हाक मारतात. ती 'ओ' देते. तो 'ओ' समोरच्या डोंगरावरून फिरून परत येईपर्यंत कुणी जागचं हलत नाही."