खडीसाखर विरघळेपर्यंत

“पण बाबा, तुम्हीच विकतचं घ्यायला निघालात तर आम्ही कुणाकडं बघायचं?”

पुष्कर तावातावानं विचारत होता. कॉम्प्युटरवर पत्रं आणि तक्ते करायचा ‘पाटी’ नावाचा प्रोग्राम त्यानं आणि त्याच्या मित्रांनी मिळून केलेला. फुकट. कुणीही वापरावा, कुणीही आतून उघडून बघावा, सुधारावा. उमानाथबाबांच्या मठात आणि मठाच्या अकरा शाळांत तोच चालायचा. आता मठ मोठ्या कंपनीचा प्रोग्राम घेणार, असं कानावर आलं तसा तो मिळेल त्या गाडीनं आला होता.

बाबा अंगणात शेंगा फोडत बसले होते.

“घ्यायचं की नाही ते मंजुळा ठरवणार,” ते म्हणाले. “कचेरी तिची.”

“त्यांच्यात असं काय आहे जे आमच्यात नाही? या वर्षात एकसष्ट नवीन सोयी घातल्या. एकसष्ट!”

“बरं.”

“आलेख चौदा प्रकारचे. त्यांच्याकडं अकराच.”

“अरे वा.”

“आणि आमचं सगळं उघडं. कुणीही तक्रार लिहावी, दोन दिवसांत दुरुस्त.”

“मग मंजुळेनं लिहिली का तक्रार?”

“कोण… ही मंजुळा?”

बाबांनी डब्यातून खडीसाखरेचा मोठा खडा काढला.

“तोंड उघड. हा विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायचा नाही. चल.”

कचेरीत वाशाला झोळी बांधलेली. झोळीत पाच महिन्यांची पोर. झोळीची दोरी मंजुळेच्या डाव्या हातात, आणि उजव्या हाताच्या एका बोटानं ती तालुक्याच्या कचेरीला पत्र टाईप करत होती.

“हे पाहुणे. बघायला आलेत,” बाबा म्हणाले.

“बघा की दादा. पण हळू हं. आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

पुष्कर तिच्या मागं बसला.

मंजुळेनं चार ओळी लिहिल्या आणि सेव्ह दाबलं.

टुंग!

पडद्यावर चौकट आली. ‘हा फाईलचा प्रकार विकतच्या प्रोग्रामचा आहे. पाटीचा प्रकार जास्त चांगला. तरीही असंच सेव्ह करायचं? नक्की?’

झोळी हलली. पोर किंचाळायला लागली.

“तालुक्याला तसलीच फाईल लागते, बाबा,” मंजुळा दोरी ओढत म्हणाली. “रोज सांगते ह्याला, तरी रोज विचारतंय. सासूबाईसुद्धा एवढं विचारत नाहीत.”

कडाम्! पुष्करनं खडा चावून टाकला.

“ताई, आवाज बंद करता येतो! सेटिंगमध्ये जा, मग पर्याय, मग सातवं पान…”

पोर आणखी जोरात रडली.

बाबांनी दुसरा खडा पुष्करच्या तोंडात घातला.

बऱ्याच वेळानं झोळी शांत झाली. मंजुळा पुन्हा लिहू लागली. अर्धं पान झालं… पान झालं… सेव्ह काही करेना. पुष्करला राहवेना. त्यानं बोटानं सेव्हचं बटण दाखवलं.

तिनं मान हलवली आणि बोटानं झोळी दाखवली.

तेवढ्यात लाईट गेली.

“गेलं…” मंजुळा काळ्या पडद्याकडं बघत राहिली. “आज तिसऱ्यांदा.”

पुष्करनं हातवारे केले. आपोआप सेव्ह व्हायची सोय आहे ना?

“ती होय? ती दर दहा मिनिटांनी टुंग करायची. बंद करून टाकली.” तिनं कपाळावरचे केस मागं सारले. “ज्यानं कुणी हे केलंय ना दादा, त्याच्या घरी झोळी बांधलेली नसणार.”

बाबांचं पोट हसून गदगदायला लागलं. आवाज मात्र नाही.

पुष्करचे कान लाल झाले. ती चौकट त्यानंच लिहिली होती. मोठ्या हौसेनं. ‘जास्त चांगला’ हे शब्दसुद्धा त्याचेच.

खडा अजून तोंडात होता… त्यानं चावला नाही.

तसाच बसून राहिला. दोरीकडं बघत. त्या एका बोटाकडं बघत.

मग पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला, पाटीचं पोट उघडलं आणि खाली मान घालून कामाला लागला. लाईट आली तेव्हा खडा विरघळला होता. तरी तो बोलला नाही. मंजुळेच्या कॉम्प्युटरवर नवीन पाटी चढवली आणि खूण केली. लिहा.

मंजुळेनं पहिल्यापासून पत्र लिहिलं. मग सवयीनं डोळे मिटले, दोरी घट्ट धरली आणि सेव्ह दाबलं.

…

तिनं एक डोळा उघडला. चौकट नाही. पत्र जागेवर. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. दोरी सोडून नुसतंच दाबत राहिली. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली की खुर्ची करकरायला लागली.

“बाबा,” ती कुजबुजली, “हेच राहू दे. आपल्याला नको दुसरं.”

पुष्कर उडी मारून उठला. दोन्ही मुठी वर करून ओरडला,

“बाबा! हरवलं की नाही आपण त्यांना?”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. पोर झोपलीय.”