येसूची बाज

आभाळातल्या चांदण्यांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका गावात एक तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, राहायचा. त्याच्या बायकोचं नाव येसू.

गावातले बाकीचे खलाशी किनारा दिसेनासा झाला की माघारी फिरत. तांडेल मात्र पार मावळतीकडे गलबत नेई आणि सुखरूप परत येई. कसा, ते फक्त येसूला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून दोघं पडली होती. तांडेल वर बोट करून म्हणाला, "ते चार तारे बघ. बाजेचे चार खूर. हे तीन म्हणजे तिची लोंबणारी दोरी. ही आपली बाज."

"आणि तिच्याजवळचा तो एकटा?"

"तो जागचा हलत नाही. ती तू! येताना तुला डाव्या हाताला ठेवतो, की गलबत घरी लागतं. पण कुणाला सांगू नकोस हं."

"हे काय चारचौघांत सांगण्यासारखं आहे?" येसू लाजून म्हणाली.

एका वर्षी तांडेल गेला, तो आलाच नाही. पावसाळे आले, गेले. येसू रोज तिन्हीसांजेला वाळूत जाऊन बसे. बाज दिसली की तिला वाटे, तोही कुठूनतरी बघत असेल. तेवढ्यावर ती दिवस ढकलत होती.

मग किनाऱ्याजवळची मासळी आटली. तरण्या पोरांना खोल समुद्रात जाणं भाग पडलं. पहिलं गलबत वाट चुकलं आणि परतलंच नाही. आता शेजारच्या शेवंतीच्या नवऱ्याची पाळी होती. हळदीच्या अंगाची ती पोर रडत येसूकडे आली.

"काकू, काकांना वाट कशी कळायची हो?"

"मला काय ठाऊक!" येसू तुटकपणे म्हणाली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी तिला आभाळाकडे बघवेना. त्याचं असं एवढं एकच तिच्याजवळ उरलं होतं. सगळ्या गावाने बघितलं, तर आपलं काय राहिलं? पण पलीकडच्या दारात शेवंती नवऱ्याची शिदोरी बांधत होती. गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. शिदोरी बांधून झाली की त्याला जावं लागणार. येसूनेही एकदा अशीच गाठीची सोडबांध केली होती.

ती उठली. खलाशी गलबतांशी उभे होते, तिथे जाऊन तिने वर बोट केलं. "ती बघा आमची बाज."

दोघे-तिघे फिस्सकन हसले. येसू थांबली नाही. तिने सगळं सांगितलं, न हलणाऱ्या ताऱ्यासकट.

ती गलबतं परत आली. एकूण एक आली. शेवंती धावत पाण्यात शिरली. येसूचा तांडेल मात्र त्यांच्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला येसू वाळूत बसली, तेव्हा एक म्हातारी शेजारी टेकली. तिचा लेक पहिल्या गलबतावर होता. "मला तो विंचू दिसतो बघ, नांगी वळवलेला. लहानपणी माझ्या पोराला असाच एक चावला होता. रात्रभर मांडीवर घेतलं होतं मी त्याला." मग एक मुलगी आली. तिचे बाबा तिला हरणाची गोष्ट सांगायचे. तिने हरीण शोधलं. अशी एकेक बाई येत गेली आणि आभाळ चित्रांनी भरत गेलं.

एके संध्याकाळी म्हातारी पुन्हा आली. "आज तुझा विंचू कुठे गं, आजी?" येसूने विचारलं आणि सरकून म्हातारीला जागा करून दिली.

तात्पर्य एवढंच: मनातली ओढ मुठीत धरली तर आपल्यालाच पोळते; वाटून दिली, तर कुणालातरी घरची वाट दाखवते.