चिंचोके काढणारे यंत्र

एकदा एक तरुण कारागीर आपल्या वृद्ध गुरूंना स्वतः घडवलेले यंत्र दाखवायला आला. गुरूंची उभी हयात कार्यशाळेत गेली होती आणि यंत्रविद्येचे पहिले धडे त्याने त्यांच्याच हाताखाली गिरवले होते. यंत्र चिंचेतले चिंचोके काढणारे होते. गावातल्या बायका विळीवर चिंच फोडताना बोटे कापून घेत, ते न पाहवून त्याने यात तीन वर्षे घातली होती. खोट एकच उरली होती. घटकाभर चालले की गर आतल्या दोन फिरत्या रुळांना चिकटे आणि यंत्र ठप्प होई. चिंचेचा हंगाम तर महिन्यावर आला होता.

"तेवढं सोडवीन मी," शिष्य म्हणाला. "पेटंटचा अर्ज मात्र उद्याच टाकतो."

"आधी कुणी केलंय का, पाहिलंस?"

"सगळं धुंडाळलं, गुरुजी. चिंचोके काढायचं यंत्र जगात कुणीच केलेलं नाही."

गुरूंनी खांद्यावरचा पंचा यंत्रावर टाकला. "आता चिंचेचं नाव न घेता सांग, हे काय करतं."

शिष्य चक्रावला. सरळ उत्तर द्यायचे नाही, ही म्हाताऱ्याची जुनी खोड. तरी तो म्हणाला, "चिकट गरातून कठीण बी न फोडता बाहेर काढतं."

"मग तेच शोध. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने दस्तऐवज कुणालाही फुकट वाचता येतात, परदेशांचेही मिळतात. तिथली वर्गवारी कामावरून लावलेली असते. चिंच चिंच करत बसलास तर काय सापडणार?"

चौथ्या दिवशी शिष्य उतरलेल्या चेहऱ्याने परतला. दूरदेशीच्या कुणा माणसाने साठ वर्षांपूर्वी खजुराच्या बिया काढायला असेच दोन रूळ वापरले होते.

"तीन वर्षं पाण्यात गेली, गुरुजी."

"पूर्ण वाचलंस?"

"चित्र पाहिलं आणि मिटलं."

"वाच."

तो तिथेच बसून वाचू लागला आणि सातव्या पानावर थबकला. गर चिकटू नये म्हणून त्या माणसाने एका रुळाचा वेग कमी ठेवून रूळ पुसणारी पट्टी बसवली होती. मापे, कोन, सारे लिहिले होते. शिष्याला भरून आले.

गुरू म्हणाले, "पेटंट म्हणजे नुसतं कुंपण, असं तुला वाटत होतं. अरे, तो करार असतो. राज्य म्हणतं, तुझी युक्ती दुसऱ्याला जमेल इतकी स्वच्छ लिहून दे. काही वर्षं तिच्यावर हक्क तुझा, मग ती सर्वांची. या माणसाची मुदत कधीच संपली. त्याला ना तुझं गाव ठाऊक, ना तू. तरी तुझ्या कामी आला. आता त्याचं त्याला दे आणि उरेल तेवढंच आपलं म्हणून माग."

उरला तो त्याच्या यंत्रातला एक कंगवा, चिंचेच्या शिरा ओढून काढणारा. खजुराला शिरा नसतात.

पट्टी बसवल्यावर यंत्र दिवसभर अडले नाही. शिष्याने अर्ज लिहिला आणि आधीच्या शोधांची नोंद करायच्या रकान्यात त्या परक्या माणसाचे नाव कृतज्ञतेने घातले. कंगव्याच्या दातांमधले अंतर मात्र त्याने मुद्दाम मोघम ठेवले, न जाणो, कुणी लगेच उचलायचे. गुरूंनी कागद वाचून परत दिले.

कागद हातात घेताना शिष्याच्या मनात आले, त्या खजूरवाल्या माणसाने रुळांचा वेग असाच मोघम ठेवला असता तर? शिष्याने पेन उघडले आणि लिहिले, 'दोन दातांमधील अंतर साडेतीन मिलिमीटर.'