साळूच्या दारची रानहळद

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका रानात, हिरड्याच्या झाडाखाली बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. चालताना तिच्या अंगावरचे काटे खुळखुळ वाजत. तो आवाज आला, की ससे पळत आणि हरणे वाट बदलत. साळूने कुणाचे कधी वाईट केले नव्हते, पण तिच्या दाराशी घडीभर टेकायलासुद्धा कुणी येत नसे. एके दिवशी कंद खणताना तिला रानहळदीचा एक गड्डा सापडला. ती दात लावणार, तोच तिला आठवले, की पलीकडच्या उतारावर हिची फुले उमलली की मधमाश्यांची नुसती झुंबड उडते. "मधमाश्यांना माझ्या काट्यांचे काय भय? निदान त्या तरी येतील," असे म्हणून तिने तोंडचा घास बाजूला ठेवला. हिरड्याखाली सकाळी कोवळे ऊन येई, दुपारी सावली असे. तिथेच तिने तो गड्डा पुरला.

पावसाळ्यात रुंद हिरवी पाने आली. फूल मात्र आले नाही. तरी साळू रोज पानांशी बोलत बसे. पण थंडी पडू लागताच पाने पिवळी झाली, आडवी पडली आणि मातीत मिसळून गेली. साळूला गलबलून आले. "तूसुद्धा गेलीस ना?" म्हणत तिने माती उकरली. गड्डा जागेवरच होता. तिने तो झाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा राहवेना, पुन्हा उकरला. मग ते रोजचेच झाले.

शेवटी मातीतून एका गांडुळाने डोके वर काढले. "साळूताई, पुरे करा आता! ती मेलेली नाही, झोपली आहे. तुम्ही रोज तिचे पांघरूण ओढता, मग तिने झोपावे कधी आणि उठावे कधी?"

"पण ती दिसत नाही रे. मला करमत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाहीच, असे थोडेच असते? मीसुद्धा इथेच होतो की इतके दिवस!"

साळू ओशाळली. तिने माती सारखी केली, वर पालापाचोळा पसरला आणि पुन्हा तिथे नख लावले नाही.

उन्हाळ्यात रानात खायला मिळेनासे झाले. एका संध्याकाळी एक रानडुक्कर हुंगत हुंगत आले. "काय गं साळूबाई, मोकळ्या मातीची राखण करतेस? खाली गड्डा आहे, मला वास येतोय. चल, दोघे मिळून खाऊ. अर्धा तुला, अर्धा मला."

साळूचे पोटही रिकामेच होते. शिवाय 'दोघे मिळून खाऊ' असे तिला आजवर कुणी म्हटले नव्हते. तिने एकदा त्या मातीकडे पाहिले. मग तिने डुकराकडे पाठ फिरवली आणि सगळे काटे ताठ उभे केले. "एक पाऊल पुढे टाकलेस, तर याद राख!"

"राहा मग एकटीच!" असे गुरगुरत डुक्कर निघून गेले. रान पुन्हा सामसूम झाले.

पाऊस आला, पुन्हा पाने फुटली आणि त्यांच्या मधोमध गुलाबी तुरा उभा राहिला. त्यात पिवळी फुले लपली होती. हिरड्याखाली मधमाश्या गुणगुणू लागल्या. त्यांतली एक, पंख भिजलेली, साळूच्या काट्यावर येऊन बसली. काटे वाजू नयेत म्हणून साळू श्वास रोखून बसली. पंख वाळेपर्यंत ती माशी तिथून हलली नाही.

पुढे थंडी आली. फुले गेली, मधमाश्या गेल्या, पानेही गेली. साळूने या खेपेला माती उकरली नाही. तिने वर पालापाचोळा पसरला, शेजारी अंग टाकले आणि हळूच म्हणाली, "झोप बाई. मी इथेच आहे."

तात्पर्य : ज्याला जीव लावला, ते दिसेनासे झाले म्हणून उकरून पाहू नये, त्याची राखण करावी आणि धीराने वाट पाहावी.